मागचं पुसट झालं, तेव्हा आई दिसली



या कार्यक्रमात आजवर आपण शेळ्यांचं लसीकरण ऐकलं, परसबाग ऐकली, गटाच्या कर्जाचा हिशेब कसा ठेवायचा ते ऐकलं. आज आम्ही चित्राबद्दल बोलणार आहोत. त्यातही चित्रातल्या माणसाबद्दल कमी आणि त्या माणसाच्या मागं जे असतं त्याबद्दल जास्त. फोटोवाले त्याला बॅकग्राउंड म्हणतात. आम्ही आपलं ‘मागचं’ म्हणतो.

आम्ही पाटण तालुक्यातल्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावच्या सात जणी. भाताची लावणी, काढणी, गुरं, पोरं हे सगळं तुमच्यासारखंच आमच्याही मागं आहे. पण गेली तीन वर्षं दुपारचे दोन तास आम्ही एकत्र बसतो आणि पेस्टलच्या कोरड्या खडूंनी माणसांची चित्रं काढतो. लोक फोटो आणून देतात, त्यावरून आम्ही चित्र करतो. बहुतेक चित्रं आयांची आणि आज्यांची असतात.

आता म्हणाल, चित्र आणि रेडिओवर? ऐकून काय कळणार? कळेल. शेवटी आम्ही एक काम देणार आहोत. त्याला पोराची पाटी आणि शाळेतला खडू एवढंच लागतं. तेव्हा भाकरी थापता थापता ऐका, नाहीतर गट जमला असेल तर एकत्र ऐका.

आधी सांगतो, आम्ही या कामाला का लागलो. आपल्याकडं बाईचा एकटीचा फोटो कधी निघतो? लग्नात निघतो तो जोडीनं. पुढं निघतो तो आधार कार्डाचा, तो बघून आपलंच तोंड आपल्याला ओळखू येत नाही. एरवी ती असते ती कुणाच्या तरी मागं. हळदीच्या फोटोत तिसऱ्या रांगेत, बारशाच्या फोटोत पाळण्याच्या दोरीपाशी, अर्धा चेहरा पदराआड. ती गेली की भिंतीवर लावायला फोटो लागतो. मग गर्दीतला तो चेहरा कापून मोठा करतात आणि मागं कुठला तरी धबधबा नाहीतर गुलाबाची बाग चिकटवतात. जी बाई जन्मात कराडच्या पुढं गेली नाही, तिच्या मागं बर्फाचे डोंगर.

आमच्यातल्या एकीनं लग्नाआधी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कागदावर आखायच्या आणि एकेक घर बघून चेहरा उतरवायचा, हे तिनं आम्हाला शिकवलं. चेहरे जमायला लागले. तेवढ्यात शेजारच्या गावातली एक लेक पहिली ऑर्डर घेऊन आली. तिची आई गेली होती. महिन्यावर वर्षश्राद्ध आलं होतं. आईचा धड फोटो एकच, भाचीच्या हळदीतला. आई मागच्या रांगेत उभी, हातात परात. लेकीनं पाचशे रुपये आगाऊ दिले आणि म्हणाली, “आई आमच्या घरापुढं बसलीय असं काढा.”

आम्ही काढलं की! आई काढली. मागं घर काढलं, कौलं एकेक मोजून काढली. तुळशीवृंदावन काढलं, त्यावरची नक्षी काढली. गोठा, म्हैस, दावं, शेजारी उकिरड्यावरची कोंबडीसुद्धा काढली. आम्हाला वाटलं, जितकं जास्त काढू तितकी मेहनत दिसेल, पैसे घेताना जीव चोरटा होणार नाही.

लेक बघायला आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हस लई झ्याक आलीया.” आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “पर आईकडं नजरच जात न्हाई बघा.”

तिनं पैशाचं काही काढलं नाही. त्याचंच आम्हाला जास्त लागलं. जन्मभर मागं उभी राहिलेली बाई, आम्ही तिला पुढं आणायला निघालो आणि पुन्हा म्हशीच्या मागं टाकून मोकळ्या झालो. वर्षश्राद्धाला बारा दिवस राहिले होते.

ते चित्र घेऊन आम्ही हायस्कूलच्या निवृत्त चित्रकलेच्या बाईंकडं गेलो. बाईंनी चित्र भिंतीला टेकवलं, आम्हाला दहा पावलं मागं नेलं आणि म्हणाल्या, “डोळे अर्धे मिटा. पहिलं काय दिसतं?” आम्ही म्हणालो, “कौलं.” बाई म्हणाल्या, “मग हे चित्र कौलांचं झालं.”

मग त्यांनी आम्हाला दारात उभं केलं. कार्तिकातली सकाळ, नदीवर धुकं होतं. बाई म्हणाल्या, समोर बघा. जवळच्या बांधावरचा आंबा, त्याची पानं मोजता येतील. त्याच्या मागची झाडं म्हणजे नुसता हिरवट थर, पान वेगळं दिसत नाही. त्याच्या मागचा डोंगर निळसर. आणि त्याच्याही मागचा डोंगर तर आभाळातच मिसळलेला. सगळे डोंगर हिरवेच आहेत, पण आपल्या आणि त्यांच्या मध्ये हवा आहे, हवेत बाष्प आणि धूळ आहे. जितकं लांब, तितकी मधली हवा जास्त, तितका रंग फिका आणि निळा, तितकी कड पुसट. रोज सकाळी हे आमच्या डोळ्यापुढं होतं. आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सुईची सांगितली. सुईत दोरा ओवताना आपली नजर सुईच्या नेढ्यावर असते. तेव्हा समोर बसलेली जाऊबाई दिसते का? असते ती तिथंच, दिसतेही, पण पुसट. आपण ज्याच्याकडं मन लावून बघतो ते स्पष्ट आणि बाकीचं धूसर, असंच डोळा काम करतो. म्हणून चित्रातलं मागचं पुसट केलं तर ते खोटं होत नाही. बघणाऱ्याला आपण एवढंच सांगतो की नजर इथं ठेव, या चेहऱ्यावर.

मैत्रिणींनो, आता कामाचं बोलू.

खडू दोन जातीचे मिळतात. पोरांच्या दप्तरात असतात ते तेलखडू, त्यात रंगाबरोबर तेल आणि मेण असतं. दुसरे कोरडे मऊ खडू, ज्यांना सॉफ्ट पेस्टल म्हणतात. त्यात रंगाची पूड, चुनखडीसारखी पांढरी भुकटी आणि बांधायला अगदी थोडा डिंक. डिंक कमी म्हणून खडू मऊ, बोटानं चोळला की पसरतो. मागचं धूसर करायला हा खडू सगळ्यात सोपा. आमच्यातल्या प्रत्येकीनं दीडशे रुपये काढले आणि कराडहून 24 रंगांची एक पेटी, कागद आणि चिकटपट्टी आणली. सात जणींत एकच पेटी, अजूनही तशीच पद्धत आहे.

कागद मात्र बघून घ्यावा लागतो. गुळगुळीत कार्डशीटवर हा खडू बसत नाही. कागदाला खर पाहिजे. जात्याचं आठवा. जात्याला टाकी लावलेली नसेल तर दाणा नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही. तसंच कागदाचं. बोट फिरवल्यावर खरखर लागली पाहिजे, त्या खाचांत रंगाची पूड अडकून राहते. शक्यतो पांढरा कागद घेऊ नका. राखी, मातकट असा रंगीत कागद मिळतो तो घ्या. मध्ये कुठं खडू कमी पडला तरी तो रंग खालून साथ देतो, पांढरे ठिपके डोळ्यात टोचत नाहीत.

आता पद्धत. चेहऱ्याची पुसट रेघ आधी आखून घ्यायची, पण रंग पहिला मागच्या भागाला. चेहरा आधी रंगवला आणि नंतर मागचं चोळायला गेलं, तर हात चेहऱ्यावर जातो आणि सगळं काम वाया जातं. कागद पाटाला चिकटपट्टीनं लावायचा आणि पाट भिंतीला उभा टेकवायचा. आडवा ठेवला तर पूड कागदावरच साचते. काम वरून खाली करत यायचं, म्हणजे पडणारी पूड अजून न रंगवलेल्या भागावर पडते.

खडूवरचा कागद काढून टाकायचा आणि खडूचा बोटाच्या पेरएवढा तुकडा करायचा. नवा खडू मोडायचा म्हणजे जिवावर येतं, आम्हालाही आलं. पण टोकानं ओढलं की रेघा उमटतात आणि त्या कितीही चोळल्या तरी दिसत राहतात. तुकडा आडवा धरायचा, अख्खी बाजू कागदाला टेकवायची आणि अगदी हलक्या हातानं फिरवायची. पोळीला तूप लावतो तितकाच दाब.

रंग घ्यायचे तीन, फार तर चार, आणि ते एकमेकांच्या नात्यातले. म्हणजे निळा, राखाडी आणि थोडा जांभळट. किंवा तपकिरी, मातकट आणि थोडा पिवळट. शेजारी शेजारी वेडेवाकडे ठिगळ द्यायचे, गोधडीसारखे. ठिगळांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढू द्यायच्या. मग चोळायचं. मोठ्या जागेला तळहाताची कड किंवा जुन्या सुती लुगड्याचा बोळा. लहान जागेला बोट. चेहऱ्याच्या कडेजवळ कागदाची घट्ट वळी. चोळताना एकाच दिशेनं रेटत नेलं की पट्टे पडतात, म्हणून लहान लहान गोल फिरवायचे. आणि दर रंगाला वेगळं बोट, वेगळा बोळा. हात कोरडा पाहिजे. घामाचं किंवा तेलाचं बोट लागलं की तिथं काळपट डाग बसतो, तो पुढं काही केल्या जात नाही. दुपारी डोक्याला तेल लावून चित्राला बसलेलीला आम्ही आधी साबणानं हात धुवायला पाठवतो.

आता मागचे रंग कोणते घ्यायचे ते कसं ठरवायचं? आम्ही एक सोपी गोष्ट पाळतो. माणसाच्या लुगड्यातला एखादा रंग मागं घ्यायचा, पण फिका करून, राखाडी मिसळून. म्हणजे माणूस आणि मागचं एका घरातलं वाटतं, कापून चिकटवल्यासारखं वाटत नाही. तांबडे, पिवळे, ऊबदार रंग पुढं येतात, निळे-राखाडी मागं जातात. म्हणून चेहऱ्यावर ऊब आणि मागं गारवा. तसंच चेहऱ्याच्या ज्या गालावर उजेड आहे त्याच्या मागं थोडा गडद रंग, आणि जो गाल सावलीत आहे त्याच्या मागं थोडा उजळ. एवढ्यानंच चेहरा कागदातून वर उचलल्यासारखा दिसतो. गडद करायला काळा खडू लावू नका, चित्र काजळी धरल्यासारखं होतं. गडद निळा आणि तपकिरी एकत्र चोळा.

शेवटी कडा. आम्ही पहिल्या चित्रात आईच्या भोवती सगळीकडून काळी रेघ ओढली होती, बाहुली कापल्यासारखी. बाईंनी सांगितलं, सगळ्या कडा सारख्या ठेवू नका. उजेडातला गाल, नाक, कुंकू इथं कड स्पष्ट. सावलीतला खांदा, पाठीवरचा पदर तिथं कड बोटानं पुसून मागच्या रंगात जाऊ द्या. खांदा कुठं संपला ते बघणाऱ्याचा डोळा आपोआप समजून घेतो.

हे ऐकायला सोपं आहे. करायला बसलो तेव्हा दुसरं चित्रही बिघडलं. पुसट करायचं म्हणताना आम्ही चोळतच सुटलो. पेटीतला एक रंग लावला, चोळला, आवडला नाही, दुसरा लावला, चोळला. हिरव्यावर तांबडा आला, त्यावर जांभळा आला, आणि शेवटी सगळं शेणकाल्याच्या रंगाचं झालं. पुढं तर खडू कागदावर धरेचना, नुसता घसरायला लागला. कागदाच्या खाचा पुडीनं भरून गेल्या होत्या. जात्याची टाकी बुजली म्हणा ना.

त्यावर उपाय आहे, तोही सांगतो. कागद उभाच धरून कडक केसांच्या कोरड्या ब्रशनं जास्तीची पूड हळूहळू खाली झाडायची. राहिलेली उचलायला मळून मऊ होणारा रबर मिळतो, तो दाबायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. रबर यायच्या आधी चित्रकार पावाच्या आतला मऊ भाग वापरत, आम्हीही तो वापरून बघितला, काम होतं. पण खरा उपाय म्हणजे वेळेवर थांबणं. दोन थर लावून चोळायचे, आणि तिसरा थर अगदी हलका, न चोळता तसाच ठेवायचा. चोळून चोळून रंगाची झळाळी जाते, सगळं पिठूळ दिसतं. वरचा न चोळलेला थर ती झळाळी परत आणतो.

ही रीत काही आम्ही शोधून काढलेली नाही. तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या व्हेनिस शहरात रोझाल्बा कॅरिएरा नावाची एक बाई होती. आई लेस विणणारी. रोझाल्बानं सुरुवात केली ती तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर बारीक चित्रं काढून. पुढं ती पेस्टलनं माणसांचे चेहरे करू लागली आणि तिची कीर्ती युरोपभर झाली. 1720 साली ती पॅरिसला गेली, तिथं तिनं फ्रान्सच्या बालराजाचं चित्र काढलं आणि तिथल्या राजेशाही कला अकादमीनं तिला सभासद करून घेतलं. तिच्या बहुतेक चित्रांत मागं महाल नाही, बाग नाही. नुसता राखाडी, निळसर, धुक्यासारखा रंग, आणि त्यातून चेहरा पुढं येतो. घरात तिची बहीण तिच्या हाताखाली काम करायची. एका घरातल्या बायांनी मिळून चालवलेलं ते काम होतं, म्हणून आम्हाला ती जवळची वाटते.

आणि आपल्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. हातात दिवा धरलेल्या मुलीचं त्यांचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर बघितलं असेल, ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून ते ओळखलं जातं. उभी राहिलेली मुलगी म्हणजे त्यांची स्वतःची लेक, गीता. ते चित्र पेस्टलचं नाही, जलरंगाचं आहे, आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ठेवलेलं आहे. त्यात मागं काय आहे ते आठवून बघा. फक्त अंधार आणि सावली. म्हणून तर उजेड त्या मुलीच्या तोंडावर दिसतो.

आता पुन्हा आमच्या त्या आईकडं येऊ. तिसरं चित्र करायला बसलो तेव्हा मागं काय ठेवायचं यावर आमच्यातच वाद झाला. लेकीला गोठा हवाच होता. आमच्या गटातल्या आक्का म्हणाल्या, “जन्मभर शेण काढलं बाईनं. आता तरी तिला गोठ्यातनं बाहेर काढा. मागं नुसतं आभाळ ठेवा.” आम्हा सगळ्यांना ते पटलं. लेकीला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी स्वतः आली आणि म्हणाली, “आक्का, तो गोठा तिचा हाय. बापाच्या माघारी तिनं कर्ज काढून बांधला, एकटीनं फेडलं. तो पुसू नका.”

आक्का गप्प बसल्या. आम्हीही. बाईचं कष्टाचं ठिकाण म्हणजे फक्त तिचं ओझं असं आम्ही धरून चाललो होतो. ते तिचं कर्तृत्वही असतं, हे आम्ही बचत गटातल्या बाया असून विसरलो.

मग आम्ही गोठा ठेवला, पण धूसर ठेवला. म्हैस नाही, दावं नाही, कौलं नाहीत. मेढीची एक उभी गडद सावली, छपराचा एक तिरका उतार, आणि आत मातकट तपकिरी ऊब. वर थोडा सकाळचा राखाडी-निळा. सगळ्या कडा बोटानं विरघळवलेल्या. परक्या माणसाला तिथं फक्त एक ऊबदार रंग दिसतो. घरच्याला गोठा दिसतो. आणि दोघांचीही नजर जाते ती आईच्या चेहऱ्यावर.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी लेक चित्र न्यायला आली. तिनं आधी चेहऱ्याकडं बघितलं. मग तिची नजर मागं गेली, मेढीच्या सावलीपाशी थांबली, आणि ती म्हणाली, “इथं टेकून बसायची.” एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावला. आम्ही तिला मेढीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, पुसट करणं आणि पुसून टाकणं यात फरक आहे, तो आम्ही त्या दिवशी शिकलो. पुसट केलेलं असतं. ते माणसाच्या पाठीशी उभं राहतं, त्याच्या आड येत नाही.

आता सावधगिरीचं, हे नीट ऐका. कोरड्या खडूची पूड बारीक असते, ती श्वासात जाते. कागदावरची पूड तोंडानं फुंकायची नाही, कधीच नाही. आम्हीही आधी फुंकायचो, संध्याकाळी नाकातून निळं यायचं. कागद अंगणात नेऊन मागून टिचकी मारायची. तोंडाला मास्क लावायचा. काम संपल्यावर झाडू मारू नका, पूड उडते. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. चुलीपाशी, पाण्याच्या हंड्याजवळ, तान्ह्या पोराजवळ बसू नका. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. काही रंगद्रव्यं विषारी असतात, म्हणून पेटीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय का बघा, पण ते असलं तरी पूड फुप्फुसाला वाईटच. दम्याचा त्रास असणारीनं कोरडे खडू घेऊ नयेत. आमच्यातली एक त्यामुळं तेलखडू वापरते. ते बोटाच्या उबेनं मऊ होतात आणि चोळता येतात. फक्त फिका रंग आधी आणि गडद नंतर, एवढं सांभाळावं लागतं.

चित्र झाल्यावर त्याला हात लागला की रंग निघतो. त्यावर मारायचा फवारा मिळतो, पण त्यानं फिके रंग काळवंडतात. आम्ही मारलाच तर मागच्या भागाला, चेहरा रंगवण्याआधी, हातभर लांबून, एकच पातळ फवारा, तोही अंगणात. काचेच्या फ्रेमशिवाय चित्र देत नाही. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा. नेताना वर बटर पेपर घाला. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून फ्रेमच्या मागं बुचाचे दोन तुकडे चिकटवतो, भिंत आणि चित्र यांच्यात हवा राहते, बुरशी धरत नाही. समोरून ऊन येईल अशी जागा टाळायची, रंग उडतात.

पैशाचं विचाराल. एका चित्राला कागद, खडूची झीज, फ्रेम आणि काच मिळून साधारण 600 रुपये जातात. आम्ही 1800 घेतो. 200 गटाच्या खात्यात जातात, राहिलेले ज्यांनी काम केलं त्या वाटून घेतात. यावर घर चालत नाही, तसं आम्ही कुणाला सांगतही नाही. पण लावणी-काढणीच्या मधले रिकामे महिने कोरडे जात नाहीत. आणि त्या पहिल्या लेकीकडून आम्ही फक्त आगाऊ दिलेले पाचशेच घेतले. जे कागद वाया गेले ते आमच्या शिकण्याचे.

आता ठरल्याप्रमाणं तुमचं काम. उद्या पहाटे दारात उभ्या राहा आणि लांब बघा. डोंगर नसेल तर झाडांची रांग बघा, गावची घरं बघा. जवळचं किती गडद, लांबचं किती फिकं, ते मनात ठेवा. मग पोराची काळी पाटी घ्या. खडूचा पेरएवढा तुकडा आडवा धरून वर हलका फिरवा आणि बोटानं चोळा, तो लांबचा डोंगर. त्याच्या खाली थोडा कमी खडू लावा, चोळा, तो जवळचा. काळ्या पाटीवर पांढरा खडू, म्हणजे खडू कमी तितका रंग गडद, हे ध्यानात ठेवा. सगळ्यात खाली पाटी काळीच ठेवा आणि तिथं टोकानं एकच झाड काढा, चोळू नका. मग पाटी भिंतीला टेकवा, दहा पावलं मागं जा आणि डोळे अर्धे मिटा.

पहिलं झाड दिसलं, तर जमलं.

आणि आणखी एक. घरात तुमची आई असेल, सासू असेल, तर या आठवड्यात तिचा एक फोटो काढून ठेवा. एकटीचा. तिला रांगेतून पुढं बोलवा, पदर थोडा मागं घ्यायला सांगा, उजेडाकडं तोंड करून बसवा. मागं काय आहे त्याची काळजी करू नका. ते आपल्याला पुसट करता येतं.